फलक राहू द्या, फेरीबोट द्या

प्रति,
पाटबंधारे, बांधकाम, जलवाहतूक आणि पर्यटन या चारही टेबलांवरच्या साहेबांस

साहेब, नमस्कार.

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या घाटावर फलक लागला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं : 'या ठिकाणावरून नावेने प्रवासी व वाहनांची वाहतूक करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' कोणाच्या आदेशावरून ते लिहिलेलं नाही. सही नाही, तारीख नाही, फोन नंबर नाही. म्हणून हे पत्र चौघांनाही लिहितो आहे. उघड लिहायचं कारण असं की बंद पाकिटातली माझी तीन पत्रं टेबलांवरून फिरून 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' एवढी एक ओळ घेऊन परत आली. तिन्ही वेळा ओळ तीच, शिक्के तेवढे वेगळे.

आधीच सांगतो, फलकावर लिहिलं ते खोटं नाही. डोंग्यावरून, म्हणजे छोट्या लाकडी नावेवरून, मोटारसायकल नेणं धोक्याचंच आहे. मी स्वतः त्यातून गेलो आहे, ते पुढे येईलच. पण मनाई केली म्हणून पलीकडचा काठ जवळ येत नाही, आणि माझं शेत पलीकडच्या काठावर आहे.

मी वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठी, पुनर्वसनाच्या गावठाणात राहतो. ट्रॅक्टर-मोटारसायकलचं गॅरेज होतं, आता मुलगा पाहतो. पाच एकर धानाची जमीन होती. दोन एकर बुडाली, तीन पाण्यापलीकडे राहिली. घराच्या गच्चीवर उभा राहिलो की शेत दिसतं. बांधावरचा मोह फुलला की तोही कळतो. पाण्यावरून अंतर दीड किलोमीटर भरेल. रस्त्याने पुलाला वळसा घालून गेलो तर मोटारसायकलचा काटा 43 दाखवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काठावरच्या कुठल्याही गावाचं घाला, आकडा तेवढा बदलेल.

माझी दुसरी ओळखही सांगायला हवी, नाहीतर गॅरेजवाल्याला बोटींचं काय कळतं असं कोणी म्हणेल. 2009 साली एका लग्नासाठी गुहागरला गेलो होतो. येताना दाभोळच्या खाडीवर आमची जीप सरळ बोटीत घुसली. धोपाव्याच्या बाजूला रॅम्प खाली आला, आठ-दहा गाड्या, एक टेम्पो, पाट्या घेतलेल्या कोळणी, शाळेची पोरं, सगळे चढले आणि काही मिनिटांत पलीकडे. जीपमधले सगळे पाणी पाहत होते, मी इंजिनरूमच्या जाळीपाशी उभा होतो. तिथले लोक तिला जंगलजेटी म्हणतात. 2003 पासून ती फेरी चालू आहे. त्याआधी गुहागरहून दापोलीला गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा होता. त्या दिवसापासून मला हा नाद लागला. लोक तीर्थं करतात, मी फेऱ्या करतो. वेसवी–बागमांडले झालं, आगरदांडा–दिघी झालं, जयगड–तवसाळ झालं, गोव्याच्या मांडवीवर तर तीन दिवस नुसता ये-जा करत होतो. बायको म्हणते, समुद्र नसलेल्या जिल्ह्यात हा खलाशी कसा निपजला! वही आहे माझ्याकडे : कुठल्या बोटीला दोन्ही टोकांना रॅम्प, कुठलीला एकाच, कुठली वळून लागते, कुठली न वळता परत निघते, गाड्या कशा लावतात, चाकाला ओंडका कोण लावतो.

आता आमची बोट ऐका.

दोन डोंगे बाजूबाजूला दोराने बांधायचे. वर आडव्या फळ्या. काठावरून एक फळी तिरपी टेकवायची. गाडी न्यूट्रलला, पेट्रोलचा कॉक बंद. एकाने हँडल धरायचं, एकाने मागचा कॅरिअर. पुढचं चाक फळीवर गेलं की दोन्ही डोंगे एकदम खाली बसतात आणि त्यांची कड पाण्यापासून चार बोटांवर येते. मोठ्या बोटीच्या अंगावर भाराची रेघ रंगवलेली असते, तिच्या वर पाणी आलं की माल चढवत नाहीत. आमच्याकडे रेघ म्हणजे नाववाल्याची चार बोटं. तो वाकून बोटं लावून पाहतो आणि म्हणतो, "बस्स जी, आता कोनी चढू नोका." तेवढ्यात एखादी म्हातारी चढलेलीच असते.

दिवाळीनंतर, मंडईच्या म्हणजे आमच्याकडच्या जत्रांच्या दिवसांत, मी पलीकडून येत होतो. फळ्यांवर माझी स्प्लेंडर, धानाचे तीन कट्टे आणि आम्ही सहा जण. मधोमध पोचलो आणि सहलीच्या लोकांची एक मोटरबोट जवळून सुसाट गेली. बसलेल्यांनी आम्हाला हात केला, आम्हीही केला. मग तिची लाट आली. पहिलीवर डोंगे उचलले गेले, दुसरीवर फळ्या सरकल्या. नाववाला ओरडला, "बसा! सारे खाली बसा!" आणि त्याने स्वतःच्या पायाने गाडी पाण्यात ढकलली. गाडी गेली म्हणून आम्ही राहिलो. तिसऱ्या दिवशी ढीवरांच्या, म्हणजे आमच्याकडच्या मासेमारांच्या, पोरांनी गळ टाकून ती काढली. गॅरेजमध्ये उघडली तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यात बोटभर झिंगा निघाला. गाडी आजही चालते, हॉर्न तेवढा वाजत नाही.

आमचं हसण्यावारी गेलं, सगळ्यांचं जात नाही. 2024 च्या जानेवारीत याच वैनगंगेवर, खाली चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली. सहा जणी गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात सापडली. तिथेही सहा जण. गणपूरच्या त्या बाया सहलीला निघाल्या नव्हत्या, मजुरीला निघाल्या होत्या. अशी बातमी आली की चार दिवस घाटाघाटांवर लाइफ जॅकेटची चर्चा होते आणि पाचव्या दिवशी मनाईचा फलक येतो.

आता गाऱ्हाणी सांगतो.

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं असं की फलकाने वाहतूक थांबलेली नाही, ती अंधारात गेली आहे. पूर्वी डोंगा उन्हं आल्यावर सुटायचा, आता तांबडं फुटायच्या आत सुटतो, धुक्यात. कोण चालवतो ते विचारू नका. रोवणी असो, कापणी असो, पलीकडच्या आठवडी बाजाराचा दिवस असो, माणसं जाणारच. उजेडात जो धोका चार बोटांचा होता तो अंधारात दोन बोटांचा झाला आहे. हे तुमच्या आदेशावरून झालं आहे.

दुसरं धानाचं. तीन एकरांचा माल खरेदी केंद्रावर न्यायचा तर ट्रॅक्टर 43 किलोमीटर फिरवून आणायचा. डिझेल, ड्रायव्हर आणि दिवस मोडून कट्ट्यामागे काय उरतं ते एकदा माझ्यासोबत बसून मांडा. म्हणून पलीकडची माणसं माल तिथल्याच व्यापाऱ्याला देऊन मोकळी होतात, तो देईल त्या भावात. काहींनी जमीन ठेक्याने दिली, काहींनी पडीत टाकली. जमिनीचा मोबदला मिळाला तो बुडालेल्या जमिनीचा. न बुडालेल्या पण पोचता न येणाऱ्या जमिनीचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

तिसरं गाऱ्हाणं पर्यटनाचं, आणि ते जपून लिहितो, कारण मी पर्यटनाच्या विरोधात नाही. या पाण्यावर जलपर्यटनासाठी शंभर कोटींच्या घरातली योजना आली. येऊ द्या. पोरांना काम मिळेल. पण गावात त्या योजनेचं सादरीकरण झालं तेव्हा पडद्यावर क्रूझ होती, हाउसबोट होती, पाण्यावर उडणारे स्कूटर होते. मी हात वर करून विचारलं, "यातल्या कशावर ट्रॅक्टर चढंल जी?" सभेत हशा झाला. साहेबही हसले. उत्तर राहूनच गेलं. मुंबईच्या माणसाला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटार न्यायची होती, तर 2020 साली ग्रीसमध्ये बांधलेलं जहाज आलं. आनंद आहे. आमची मागणी ग्रीसची नाही, एका तराफ्याची आहे.

चौथं, 'पूल होईल, धीर धरा' हे उत्तर. पुलांना माझी ना नाही. आंभोऱ्याचा तारांवरचा पूल 2024 पासून सुरू आहे, मी त्याच्या गॅलरीत पोराबाळांना घेऊन चढून आलो, पाच नद्यांचा संगम वरून पाहिला, डोळे निवले. पण प्रत्येक घाटाला आंभोऱ्यासारखा पूल मिळणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. धीराचं म्हणाल तर या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा अंदाज 372 कोटींचा होता. पुढे तो 18 हजार कोटींच्याही वर गेला, आणि धीर आम्ही अजून धरून आहोत.

पूल होईपर्यंत काय करायचं, हे दुसऱ्यांनी करून दाखवलं आहे. शेजारच्या कर्नाटकात शरावतीवर लिंगनमक्कीचं धरण झालं, 1964 च्या सुमाराला. आमच्यासारखीच गावं बुडाली, आमच्यासारखाच काठ तुटला. तिथल्या सरकारने अंबारगोडलू ते कळसवल्ली लाँच लावली, आणि त्या लाँचवर नुसती माणसं नाही, जीपा आणि अख्खी बस चढायची. सिगंदूरच्या देवीला जाणारे भाविक आणि बाजाराला जाणारे शेतकरी एकाच फळीवर. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की गाड्या बंद आणि माणसं चालू, असा नियम होता. शेवटी 2025 च्या जुलैत तिथे जवळपास अडीच किलोमीटरचा पूल झाला, आपल्या नागपूरच्या गडकरी साहेबांनीच त्याचं उद्घाटन केलं. पण तोवर दोन-तीन पिढ्यांना लाँचने पोसलं. गंमत अशी की त्याच महिन्यात गोव्यात रायबंदर–चोडणच्या पाण्यावर 'गंगोत्री' आणि 'द्वारका' या नव्या रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढणाऱ्या, बोटी उतरल्या. एकीकडे पुलाने फेरीला निवृत्ती दिली, दुसरीकडे नवी फेरी नोकरीला लागली. आमच्या घाटावर त्यातलं काहीच आलं नाही, फलक आला.

कर्नाटक लांबचं वाटत असेल तर सातारा पाहा. कोयनेच्या शिवसागरावर तापोळ्याकडे तराफ्यावर जीप चढवून पलीकडच्या गावांना नेतात. तेही धरणाचंच पाणी, तेही महाराष्ट्रातच. मग तो नियम वैनगंगेला का लागू होत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

'हे आमचं काम नाही' या ओळीबद्दल दोन शब्द. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत 13 व्या नोंदीत रस्ते आणि पूल यांच्या जोडीने फेरीचंही नाव आहे. म्हणजे फेरी हा रस्त्याचाच भाऊ. डांबरी रस्ता वाहून गेला तर तुम्ही 'चालण्यास सक्त मनाई' लिहून घरी जात नाही, निदान मुरूम तरी टाकता. आमचा रस्ता तुमच्याच धरणाने बुडाला आहे. शिवाय 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत 111 नावं आहेत आणि त्यात वैनगंगा–प्राणहिता आहे, क्रमांक 109. तो पट्टा आमच्या खालच्या अंगाला येतो, मान्य. पण ज्या नदीला दिल्लीने जलमार्ग म्हटलं, तिच्यावर भंडारा-नागपूरच्या माणसाने दोन डोंगे बांधून गाडी न्यावी, हे नदीलाही शोभत नाही.

आमचं पाणी कोकणासारखं नाही, हे मला कळतं. किंबहुना तुमच्या सादरीकरणातल्या पोरांपेक्षा थोडं जास्त कळतं, कारण माझं घर काठावर आहे. तिथे भरती-ओहोटी रोज पाणी वर-खाली करते. आमच्याकडे तीच गोष्ट वर्षातून एकदा, हळूहळू होते. पावसाळ्यानंतर पाणी फलकाच्या बुडाशी असतं, वैशाखात पाऊण फर्लांग मागे जातं आणि मध्ये नुसता गाळ. म्हणून सिमेंटचा उभा धक्का बांधाल तर सहा महिने तो चिखलात उभा राहील, बगळ्यांसाठी. इथे उताराचा लांब रॅम्प पाहिजे, पाणी जसं मागे जाईल तशी बोट त्यावर खाली खाली लागेल. तळ सपाट पाहिजे, कारण खाली जुन्या गावाच्या भिंती आहेत आणि आमराईचे खुंट आहेत. आमराई बुडण्याआधी तोडली, खुंट तसेच ठेवले. डोंगा त्यावर घासून जातो, इंजिनाच्या बोटीचा पंखा तुटेल. आणि इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. थंडीत वारा फिरला की ती हिरवी सतरंजी एका रात्रीत घाट झाकते. पंख्याला गुंडाळली की इंजिन धाप टाकायला लागतं आणि गरम होऊन बसतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आमच्याकडे येतं, त्यावर ती पोसते. त्याचं वेगळं पत्र लिहावं लागेल. इथे एवढंच म्हणतो की पंख्याला पिंजरा आणि मार्ग साफ ठेवायला माणसं लागतील, हे आधीच धरून चाला. गुजरातमध्ये घोघा–दहेजची रो-रो 2017 साली केवढ्या थाटात सुरू झाली, दहेजच्या बाजूच्या गाळाने ती बंद पाडली, मग 2020 मध्ये फेरी हजिराला न्यावी लागली. पाण्याचा तळ न पाहता फीत कापली की असं होतं.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

आमच्या घाटापासून समोरच्या घाटापर्यंत एक लोखंडी, सपाट तळाची फेरीबोट द्या, दोन्ही टोकांना रॅम्प असलेली. ट्रॉलीसकट एक ट्रॅक्टर, दोन जीपा आणि वीसेक मोटारसायकली मावतील एवढी पुरे. ती नोंदणीकृत असावी, अंगावर भाराची रेघ असावी आणि ती रेघ सरपंचालाही ओलांडता येऊ नये.

पायी माणूस आणि दुचाकी यांना गोव्यात भाडं नसतं, तसं इथेही नको. चारचाकीला आणि ट्रॅक्टरला रास्त घ्या, आम्ही देऊ. सकाळी सहा ते रात्री आठ फेऱ्या, रोवणी-कापणीच्या महिन्यांत पहाटे पाचला पहिली. आणि रात्री दवाखान्याचं काम निघालं तर उठवता येईल असा एक माणूस घाटावर मुक्कामी.

बोटीवर नोकरी ढीवरांच्या पोरांना द्या. ही अट मी सगळ्यात वर लिहायला हवी होती. या पाण्याखाली कुठे विहीर आहे आणि कुठे देवळाचा कळस, हे त्यांना झोपेतही माहीत आहे. त्यांना प्रशिक्षण द्या, परवाना द्या, पगार द्या. बाहेरच्या ठेकेदाराने बाहेरचा चालक आणला तर पहिल्याच उन्हाळ्यात बोट आमराईत अडकेल.

सहलीच्या मोटरबोटींना घाटाजवळ आणि फेरीच्या मार्गात वेगाची मर्यादा घाला. हे उद्यापासूनही करता येईल, त्याला निधी लागत नाही.

आणि फेरीबोट येईपर्यंत डोंगा चोरून चालू द्यायच्या ऐवजी उजेडात, मोजक्या माणसांचा, लाइफ जॅकेटसकट आणि मोटारसायकलशिवाय चालू द्या. गाडी आम्ही अलीकडे ठेवू, पलीकडे पायी जाऊ. फलकावर तेवढी एक ओळ वाढवा. खाली सही, तारीख आणि फोन नंबर टाका, म्हणजे पुढचं पत्र नीट पत्त्यावर जाईल.

आपला,
गॅरेजवाला, घाटावरचा

ता.क. : मोजणीला माणूस पाठवाल तेव्हा मृग लागायच्या आत पाठवा, पाणी सगळ्यात मागे असताना. गेली सात वर्षं दर पौर्णिमेला पाणी जिथे होतं तिथल्या दगडावर मी पांढऱ्या ऑइलपेंटने रेघ मारून ठेवली आहे, वहीत तारखा आहेत. त्याने गमबूट आणावेत. आणि दुपारी दोनच्या आत यावं, नंतर वारा सुटतो.